मला काहीच येत नाही, असं वाटतं तेव्हा

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांची, ऐरोलीला राहते. मैत्रिणींपैकी कुणी नाचते, कुणी चित्रं काढते. मला काहीच येत नाही. मुलाखतीत ‘तुमची बलस्थानं सांगा’ म्हटलं की गप्प होते. शिवाय घरी आजोबांच्या पेन्शनचं, बँकेचं सगळं मलाच बघावं लागतं.

उत्तर : शेवटचं वाक्य तू तक्रार म्हणून लिहिलंस, पण माझी नजर तिथेच अडकली. नोव्हेंबरात आजोबांचा हयातीचा दाखला काढताना बोटांचे ठसे उमटेनात, म्हणून चेहरा दाखवून दाखला काढायची सोय तू शोधलीस, असंही पत्रात आहे. अगं, हेच तर बलस्थान! जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात दहा मुख्य जीवनकौशल्यं मांडली. त्यांत अडचण सोडवणं, निर्णय घेणं, दुसऱ्याचं मन जाणणं, नीट संवाद साधणं हे सगळं आहे. नाच-चित्रकला सुंदरच, पण त्या यादीत त्यांचं नाव नाही.

दोन आठवडे रोज रात्री वहीत एवढंच लिही : आज माझ्याकडे कोण काय विचारायला आलं? लोक ज्या कामासाठी पुन्हा पुन्हा तुझ्याकडे येतात, ते तुला जमतं. मुलाखतीत ‘मी जबाबदार आहे’ असं नुसतं म्हणू नकोस, ते सगळेच म्हणतात. दाखल्याचा किस्सा सांग. काय अडलं, तू काय केलंस, पुढे काय झालं.

प्रश्न : मी कळव्याचा, बारावीत आहे. वर्गात बोलायला उभा राहिलो की घसा कोरडा पडतो.

उत्तर : पहिलं वाक्य तेवढं तोंडपाठ कर, बाकीचे फक्त मुद्दे. अख्खं भाषण पाठ केलं की एक शब्द निसटला तरी सगळं कोसळतं. उठण्याआधी चार-पाच वेळा श्वास सावकाश सोड. सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात. या आठवड्यात वर्गात एकच प्रश्न विचार, हवं तर कागदावर लिहून नेलेला. पुढच्या आठवड्यात दोन.

प्रश्न : महापेला पहिली नोकरी लागली. ठाण्याहून लोकलने जातो. मित्र उसने मागतात, नाही म्हणता येत नाही. वीस तारखेला खिसा रिकामा.

उत्तर : पगाराच्या दिवशीच ठरावीक रक्कम आपोआप आरडीत जाऊ दे. मग ‘या महिन्यात जमणार नाही रे’ म्हण आणि थांब. कारणं देत बसलास की समोरचा प्रत्येक कारणावर तोडगा काढतो. खरी मैत्री एवढ्याने तुटत नाही, असं माझं मत आहे. आधीचे पैसे मात्र तारीख ठरवून माग.

प्रश्न : ताई, परीक्षेत नापास झाले. महिनाभर झोप नाही, उठावंसं वाटत नाही. आत्मविश्वास कसा वाढवू?

उत्तर : बाळा, आत्मविश्वासाचं नंतर बघू. १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या क्रमांकावर आजच फोन कर. सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं. आईला शेजारी बसवून फोन केलास तरी चालेल. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबणं मला पटेना, म्हणून पत्र वाचल्या वाचल्या तुला ईमेलवर कळवलं आहे. फोन झाला की मला एक ओळ लिही, मी वाट बघतेय.