हायब्रिड मेंब्रेन : संकरित, संमिश्र की कणमिश्रित?

प्रश्न असा आहे : हायड्रोजन वेगळा काढायला आणि कार्बन डायऑक्साइड पकडायला जी हायब्रिड मेंब्रेन, म्हणजे पॉलिमरमध्ये दुसऱ्या पदार्थाचे कण घातलेले पातळ पडदे, वापरतात, त्यांना 'संकरित गाळणी' म्हणावं का?

दोन्ही शब्द नकोत. गाळणीतून लहान तेवढं खाली जातं. हायड्रोजनचा रेणू २.८९ अँगस्ट्रॉमचा, कार्बन डायऑक्साइडचा ३.३, तरी पेबॅक्स या पॉलिमरमधून कार्बन डायऑक्साइडच जास्त वेगाने पार होतो, कारण तो त्यात जास्त विरघळतो. म्हणून 'पटल'. शाळेच्या पुस्तकातलं प्रद्रव्यपटल सर्वांच्या ओळखीचं आहे. आरओ दुरुस्त करणारे 'मेंब्रेन' म्हणतात, तेही चालेल.

आता 'संकरित'. संकरित ज्वारीच्या एकाच दाण्यात दोन वाणांचे गुण उतरतात. इथे पॉलिमरमध्ये झिफ-८सारख्या सच्छिद्र स्फटिकाचे कण घालतात, हायड्रोजनसाठी पीबीआय (पॉलिबेन्झिमिडाझोल) या पॉलिमरमध्ये, कार्बन डायऑक्साइडसाठी पेबॅक्समध्ये, आणि कण शेवटपर्यंत कणच राहतो. शेंगदाण्याची चिक्की डोळ्यांसमोर आणा. गूळ दाण्याला नीट धरला नाही तर भोवती फट राहते. पटलात तशी फट राहिली की वायू तिच्यातूनच निसटतात, कणातल्या छिद्रांकडे फिरकत नाहीत. पटल सुधारण्यातली निम्मी मेहनत ही फट टाळण्याची असते, आणि 'संकरित' म्हटलं की ती नजरेआड होते. सिलिका पॉलिमरच्या साखळीलाच रासायनिक बंधाने जोडली असेल, तिथे मात्र तो शब्द शोभतो.

'संमिश्र' वाईट नाही, पण सच्छिद्र आधारावर पातळ थर चढवलेल्या पटलालाही तोच लावला जातो. म्हणून माझं मत 'कणमिश्रित पटल'.

'छिद्र' आणि 'फट' यांचीही गल्लत नको : छिद्र कणात हवं, फट कणाभोवती नको. ही फट टाळायची कशी? कण पूर्ण वाळवले की गुठळ्या होतात, त्या पुन्हा सुटत नाहीत. ते ओलेच द्रावकात घेऊन ध्वनिलहरींनी सुटे करतात. मग पॉलिमरचा साधारण दहावा हिस्सा आधी घालून ढवळतात, म्हणजे कणांवर लेप बसतो. रंगारी ज्याला अस्तराचा हात म्हणतात तेच हे. 'अस्तर देणं' हा शब्द इथे चपखल आहे. उरलेलं पॉलिमर नंतर. काचेवर ओतल्यावर झाकण ठेवून द्रावक सावकाश उडू देतात. घाई केली की पटल आक्रसताना कणापासून सुटतं.

चाचणीत वायूचा प्रवाह वाढला आणि निवडक्षमता, म्हणजे एका वायूला दुसऱ्यापेक्षा जास्त पार होऊ देण्याची क्षमता, नुसत्या पॉलिमरपेक्षाही घसरली, तर फट राहिली आहे. प्रवाह घटला आणि निवडक्षमता जवळपास तशीच राहिली, तर बहुधा पॉलिमर छिद्रांत शिरून ती बुजली आहेत.