व्होल्तेअरला 'नास्तिक' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: 'फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या एका मराठी लेखात व्होल्तेअरला नास्तिक म्हटलंय, दुसऱ्यात ईश्वरवादी आणि तिसऱ्यात धर्मनिरपेक्षतेचा पुरस्कर्ता. यातलं बरोबर काय? आणि डीइस्ट या शब्दाला चांगला मराठी शब्द कोणता?'

व्होल्तेअर हा अठराव्या शतकातला फ्रेंच लेखक डीइस्ट होता, म्हणजे जगाचा निर्माता मानणारा, पण धर्मग्रंथ आणि चमत्कार न मानणारा. त्याला लावलेली तिन्ही विशेषणं अडचणीची आहेत, आणि प्रत्येकाची अडचण वेगळी आहे.

आज आपण नास्तिक म्हणतो ते देव न मानणाऱ्याला. या अर्थानं व्होल्तेअर नास्तिक नव्हता. फेर्ने या आपल्या राहत्या गावी त्यानं स्वतःच्या खर्चानं चर्च बांधून घेतलं आणि त्यावर लॅटिनमध्ये 'देवासाठी व्होल्तेअरनं उभारलं' असं कोरलं, सालासकट: १७६१. 'देव नसता तर तो शोधून काढावा लागला असता' ही त्याची ओळ आपल्याकडे देवावरचा टोमणा म्हणून फिरते. मूळ कवितेत ती देव नाकारणाऱ्यांना उद्देशून आहे. १७७० मध्ये दॉलबाक या तत्त्वज्ञाचं 'निसर्गाची व्यवस्था' हे उघड निरीश्वरवादी पुस्तक एका दिवंगत लेखकाच्या नावावर निघालं, तेव्हा व्होल्तेअरनं त्याच वर्षी त्याचं खंडन लिहिलं. त्या काळातला खराखुरा निरीश्वरवादी दाखवायचा असेल तर दॉलबाकचं नाव घ्यावं.

पण 'नास्तिक'चा जुना अर्थ वेगळा आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात 'नास्तिको वेदनिन्दकः' असं म्हटलंय. तिथे कसोटी वेद मानण्याची आहे, देव मानण्याची नाही. म्हणून तर निरीश्वर सांख्य आणि पूर्वमीमांसा ही दर्शनं आस्तिकांत मोजली जातात आणि जैन-बौद्ध नास्तिकांत. वेदांच्या जागी बायबल ठेवलं तर व्होल्तेअर या जुन्या अर्थानं पक्का नास्तिक ठरतो, कारण ग्रंथप्रामाण्य, चमत्कार आणि पुरोहितांचा अधिकार या तिन्हींवर त्यानं आयुष्यभर हल्ला केला. एकाच शब्दाचे दोन अर्थ असे विरुद्ध दिशांना ओढत असताना तो शब्द न वापरणंच शहाणपणाचं. देव न मानणाऱ्याला सरळ 'निरीश्वरवादी' म्हणावं. 'अज्ञेयवादी'ही नको, तो शब्द ज्या 'ॲग्नॉस्टिक'चा प्रतिशब्द आहे, तो इंग्रज शास्त्रज्ञ हक्स्लेनं व्होल्तेअरच्या खूप नंतर, १८६९ मध्ये घडवला.

हा भेद कोशापुरता नाही. तो सोडला तर १७९३-९४ चा फ्रान्स समजतच नाही. १० नोव्हेंबर १७९३ ला पॅरिसच्या नोत्र दाम या मुख्य चर्चमध्ये देवाऐवजी 'बुद्धी'चा उत्सव झाला. त्याच महिन्यात क्रांतीचा पुढारी रॉबेस्पिएर यानं निरीश्वरवाद हा अमीर-उमरावांचा विचार आहे, असं जाहीरपणे सुनावलं. पुढच्या वसंतात एबेर आणि शोमेत या चर्चविरोधी मोहिमेतल्या पुढाऱ्यांना गिलोटीनवर पाठवण्यात आलं आणि ७ मे १७९४ च्या हुकमानं फ्रेंच जनता परमतत्त्व व आत्म्याचं अमरत्व मान्य करते, असं ठरलं. 'नास्तिक क्रांतिकारक' असा एकच शिक्का मारला, तर एका नास्तिकानं दुसऱ्याला देव न मानल्याबद्दल का मारलं, हे वाचकाला कसं कळणार? चर्चला विरोध करणाऱ्यांतच देव मानणारे आणि न मानणारे असे दोन तट होते.

'त्या अधमाला चिरडा' या व्होल्तेअरच्या घोषणेचं भाषांतर 'धर्माला चिरडा' असं करू नये. त्याचा रोख अंधश्रद्धेवर आणि तिच्या जोरावर छळ करणाऱ्या सत्तेवर होता. तूलूझच्या झाँ कालास या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्यावर मुलगा कॅथलिक होणार म्हणून त्याला मारल्याचा आरोप ठेवला गेला. मार्च १७६२ मध्ये त्याला चाकावर हाडं मोडून ठार केलं. व्होल्तेअरनं प्रकरण लावून धरलं, १७६३ मध्ये सहिष्णुतेवर ग्रंथ लिहिला आणि मार्च १७६५ मध्ये कालास निर्दोष ठरला. १७६६ मध्ये आबव्हीलला ला बार या कोवळ्या तरुणाचं डोकं उडवलं; मिरवणुकीपुढे टोपी न काढणं आणि अभद्र गाणी म्हणणं हे त्याच्यावरचे ठपके. त्याच्या प्रेतासोबत व्होल्तेअरचा 'तत्त्वज्ञानकोश'ही जाळला. इथे शब्द 'ईशनिंदा' हवा, 'नास्तिकता' नव्हे. १७९१ च्या फ्रेंच दंडसंहितेतून हा गुन्हाच गेला.

आता डीइस्ट. 'ईश्वरवादी' फार सैल आहे. त्यात विठ्ठलाचा वारकरीही येतो आणि पोपही. 'एकेश्वरवादी' म्हटलं तर इस्लामही आला. 'देववादी'चा धोका छपाईतला आहे: एक मात्रा जास्त पडली की तो 'दैववादी' होतो, म्हणजे नशिबावर हवाला ठेवणारा. तत्त्वज्ञानाच्या लेखनात 'केवलनिमित्तेश्वरवाद' भेटतो. त्याचा अर्थ असा, की कुंभार मडक्याचा असतो तसा देव जगाचं फक्त निमित्तकारण आहे. पण न्यायदर्शनातला ईश्वरही निमित्तकारणच आहे आणि तो कर्मफळ देत राहतो. डीइस्टांचा मुख्य मुद्दा, म्हणजे देवानं ग्रंथ धाडला नाही आणि तो चमत्कार करत नाही, त्या शब्दात येतच नाही.

अर्थाला सर्वांत जवळचा शब्द जोतीराव फुल्यांचा आहे: 'निर्मिक'. सृष्टीचा कर्ता मानायचा, पण ग्रंथप्रामाण्य आणि मध्यस्थ भट नाकारायचा, ही त्यांची भूमिका डीइस्टांच्या अगदी शेजारची आहे. हे साम्य नुसतं योगायोगाचंही नाही: डीइस्ट असलेल्या इंग्रज लेखक टॉमस पेनचं 'मानवाचे हक्क' त्यांनी वाचलं होतं. १८७३ च्या सत्यशोधक समाजानं भटाविना लग्नं लावली, तो या विचाराचा आपल्याकडचा सार्वजनिक परिणाम. तरी व्होल्तेअरला 'निर्मिकवादी' म्हणू नये असं मला ठाम वाटतं. त्या शब्दामागे जातिव्यवस्थेविरुद्धचा लढा आहे, तो फ्रान्सवर लादला तर दोन्हीकडचा इतिहास पुसट होतो. 'डीइस्ट' हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'निर्माता मानणारा, पण ग्रंथप्रामाण्य व चमत्कार न मानणारा' एवढं वाक्यातच सांगावं.

राहिला 'धर्मनिरपेक्ष'. राज्यानं चर्चपासून दूर राहावं असं व्होल्तेअरचं म्हणणं नव्हतं. चर्च राज्याच्या मुठीत असावं असं होतं. १७९० च्या कायद्यानं पाद्री पगारी आणि निवडून आलेले झाले, म्हणून त्या व्यवस्थेला 'राज्याधीन चर्च' म्हणावं. १७८७ च्या फर्मानानं प्रॉटेस्टंटांना जन्म, लग्न, मृत्यू कॅथलिक चर्चबाहेर नोंदवता येऊ लागले, पण सार्वजनिक उपासनेची मुभा मिळाली नाही. तिथे 'मर्यादित सहिष्णुता' बरं. २० सप्टेंबर १७९२ ला या नोंदी नगरपालिकेकडे गेल्या आणि घटस्फोटही कायदेशीर झाला, त्याला 'नागरी नोंदणी'. आणि ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याबद्दल लिहिताना 'चर्च आणि राज्य यांची फारकत' हे साधे शब्द पुरतात.