विलायतेतल्या जागा आणि लासलगावचा भाव

वाचकांचे प्रश्न

या वेळी ब्रिटनमधल्या प्रवेशांविषयीची पत्रं एकत्र घेतली आहेत. आकडे मुख्यतः इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंडचा हिशेब वेगळा, तो ओघात येईलच.

पिंपळगाव बसवंत येथील एक द्राक्ष बागायतदार: मुलीला एमएस्सीसाठी इंग्लंडमधल्या विद्यापीठाने २४,००० पौंड फी सांगितली. तिथल्या मुलांना म्हणे ९,५३५ पौंड. वर्ग तोच, शिकवणारे तेच, मग आमच्याकडून अडीचपट का? आणि घासाघीस चालते का?

तुलनेत थोडी गल्लत झाली आहे. ९,५३५ पौंड ही २०२५-२६ सालची पदवीच्या फीची कमाल मर्यादा आहे, तीही फक्त तिथल्या विद्यार्थ्यांसाठी. एमएस्सीला तशी मर्यादा नाही, तरी तिथल्या मुलांना ती बरीच स्वस्त पडते. तुमचा मूळ मुद्दा मात्र बरोबर आहे.

घरच्या गिऱ्हाइकाचा भाव सरकारने बांधून दिला आणि बाहेरच्याचा मोकळा सोडला, तर माल कुठे वळतो हे निफाड तालुक्यात कुणाला शिकवायला नको. इंग्लंडमध्ये पदवीची फी १९९८ साली १,००० पौंड होती, २००६ मध्ये ३,००० झाली, २०१२ मध्ये ९,००० आणि २०१७ मध्ये ९,२५०. मग ती २०२५ पर्यंत हललीच नाही. वीजबिल, पगार, प्रयोगशाळेचं सामान हे सगळं मात्र वाढत राहिलं. त्यातच संशोधनावर होणाऱ्या खर्चापैकी सुमारे ७० टक्केच रक्कम अनुदानांतून परत मिळते. हे दोन्ही खड्डे परदेशी विद्यार्थ्यांच्या फीतून बुजवले जातात. म्हणजे तुमच्या मुलीच्या २४,००० पौंडांत तिच्या शिक्षणाचा खर्च आहेच, शिवाय शेजारच्या बाकावरच्या मुलाची तूट आणि कुणाच्या तरी संशोधनाचा वाटाही आहे.

परदेशी विद्यार्थी घेणं ही विद्यापीठांची निर्यातच. तिचा नळ मात्र विद्यापीठाच्या हातात नसतो, तो ब्रिटनच्या गृहखात्याच्या हातात असतो. शिक्षणानंतर नोकरी करण्याचा व्हिसा २०१२ मध्ये बंद झाला आणि पुढच्या काही वर्षांत तिथे जाणारे भारतीय विद्यार्थी निम्म्याहून खाली आले. जुलै २०२१ मध्ये तो ‘ग्रॅज्युएट रूट’ या नावाने पुन्हा सुरू झाला आणि रांगा लागल्या. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली. त्यानंतर महिना व्हायच्या आत, १ जानेवारी २०२४ पासून, तिथे एमएस्सीसारख्या अभ्यासक्रमांना येणाऱ्यांना नवरा-बायको-मुलं सोबत आणायला बंदी झाली. संशोधनासाठी येणारे त्यातून वगळले. आता निर्यातशुल्कही येतंय: ऑगस्ट २०२८ पासून दर परदेशी विद्यार्थ्यामागे वर्षाला ९२५ पौंड विद्यापीठाकडून घ्यायचं जाहीर झालं आहे, प्रत्येक संस्थेचे पहिले २२० विद्यार्थी सोडून. कांद्याच्या निर्यातशुल्काचा भार शेवटी कुणाच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबातून) गेला, ते तुम्हाला ठाऊक आहेच. इथे तो विद्यार्थ्याच्या फीत मिसळेल असं धरून चाला.

घासाघीस चालते, पण त्या नावाने नाही. जाहीर फी कमी होत नाही, ‘शिष्यवृत्ती’ म्हणून सूट मिळते. ती अनामत, म्हणजे प्रवेश पक्का करण्यासाठी आगाऊ द्यायचा फीचा भाग, भरण्याआधी मागायची. दुसऱ्या विद्यापीठाचं ऑफर लेटर हाती असेल तर ते जोडायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं. एकदा अनामत गेली की तुमचं वजन संपलं.

कॉलेज रोड, नाशिक येथील एक पालक: सल्लागार म्हणतात, जागा भरत आल्या आहेत, आठ दिवसांत अनामत भरा. जागा खरंच मोजक्या असतात का?

सरकारने ठरवलेल्या अशा जागा नसतात. पण प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला किती कॅस द्यायचे, म्हणजे व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं निश्चितीपत्र, याचा कोटा गृहखात्याकडून मिळतो. तो टिकवण्यासाठी व्हिसा नाकारले जाण्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या आत ठेवावं लागत होतं. ब्रिटिश सरकारच्या २०२५च्या स्थलांतरविषयक धोरणपत्रिकेने ते ५ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. म्हणून हल्ली कॅसआधी मुलाखत घेतात, बँकेची कागदपत्रं आधीच तपासतात आणि शंका आली तर कॅसच देत नाहीत. घाई असलीच तर ती या कोट्याची असते, बाकांची नव्हे.

नाशिकच्या कॅनडा कॉर्नरपासून गंगापूर रोडपर्यंत जे सल्लागार ‘फुकट’ काम करतात, त्यांना सहसा विद्यापीठ पैसे देतं, तुमच्या पहिल्या वर्षाच्या फीतला ठरावीक हिस्सा. यात गैर काही नाही, पण त्यांच्या यादीत कोणती नावं का आहेत ते यावरून कळतं. अनामत भरण्यापूर्वी ऑफर लेटरमधलं परताव्याचं कलम वाचा. व्हिसा नाकारला तर बहुतेक ठिकाणी पैसे परत मिळतात, काही रक्कम कापून. कागदपत्रं खोटी निघाली किंवा मुलाचा विचार बदलला, तर सहसा मिळत नाहीत.

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘स्टुडंट प्रोटेक्शन प्लॅन’ शोधा. ‘ऑफिस फॉर स्टुडंट्स’ या इंग्लंडमधल्या उच्चशिक्षणाच्या नियामक संस्थेकडे नोंदणी झालेल्या संस्थेने तो प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे. अभ्यासक्रम मध्येच बंद पडला तर काय करणार, हे त्यात लिहिलेलं असतं. अनेक विद्यापीठं सध्या तोट्यात असल्याने विभाग मिटवले जात आहेत, तेव्हा हा कागद वाचाच. संस्थेचा व्हिसा परवानाच गेला तर विद्यार्थ्याला दुसरी संस्था शोधायला साधारण ६० दिवस मिळतात.

सिन्नर येथील एक वाचक: खात्यात नेमके किती पैसे दाखवायचे? आजोबांच्या नावावर ठेव आहे, ती चालेल?

आजोबांच्या नावावरची चालणार नाही. काका, मामा, थोरला भाऊ यांचीही नाही. पैसे विद्यार्थ्याच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यात हवेत (आजोबा कायदेशीर पालक असतील तर गोष्ट वेगळी). आई-वडिलांचे असतील तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतिपत्र जोडायचं.

रक्कम अशी काढा: कॅसवर दिसणारी बाकी फी, अधिक राहण्याचा खर्च. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड आणि लंडनमध्ये १,५२९, जास्तीत जास्त ९ महिन्यांचे. म्हणजे १०,५३९ किंवा १३,७६१. समजा फी २४,०००, सूट ३,००० आणि अनामत ५,००० भरली, तर लंडनबाहेर १६,००० अधिक १०,५३९, म्हणजे २६,५३९ पौंड दाखवायचे. सूट आणि अनामत कॅसवर चढली आहे ना, ते आधी पाहा. नसेल तर दुरुस्त करून घ्या.

ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेच्या ३१ दिवसांच्या आत यायला हवा. अर्ज इथेच फेटाळले जातात: विसाव्या दिवशी कुणीतरी खतांचं बिल भागवतं, शिल्लक एका दिवसासाठी खाली जाते, आणि मोजणी पुन्हा एकपासून. पौंडाचा दर अर्जाच्या दिवशीचा धरतात, म्हणून वर चार-पाच टक्के जास्त ठेवा. बँक नियंत्रित आणि पडताळता येण्याजोगी हवी. पतसंस्थेतली ठेव यात बसवण्याच्या फंदात पडू नका. जमीन, सोनं, सातबारा मोजत नाहीत. शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र चालतं, पण ते अर्जाआधीच्या ६ महिन्यांतलं हवं.

तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. एका वर्षाच्या एमएस्सीला व्हिसा सुमारे सोळा-सतरा महिन्यांचा मिळतो, म्हणून दीड वर्षाचे १,१६४ पौंड अर्ज करतानाच भरावे लागतात. कर्जाचा हप्ता ठरवताना आणखी एक लक्षात घ्या: ग्रॅज्युएट रूटसाठी १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिने मिळतील. पीएचडीला तीन वर्षं कायम आहेत.

नाशिकमधील अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी: इंग्लंडने जागांवरची मर्यादा उठवली, तेव्हा मागणी-पुरवठ्याच्या नियमाने फी उतरायला हवी होती. का उतरली नाही?

कारण गिऱ्हाइकाला किंमत जाणवतच नाही. विद्यापीठांच्या फीविषयीच्या २०१० सालच्या ब्राऊन अहवालानंतर सरकारची कल्पना होती की ९,००० पौंड मोजकीच विद्यापीठं लावतील. जवळजवळ सगळ्यांनी लावले. फी सरकारी कर्जातून परस्पर भरली जाते आणि परतफेड पगारावर अवलंबून असते: ठरावीक उत्पन्नाच्या वरच्या भागाचे ९ टक्के. २०१२च्या योजनेत ते उत्पन्न २१,००० पौंड होतं आणि ३० वर्षांनी उरलेलं कर्ज माफ. २०२३ पासून दाखल होणाऱ्यांना २५,००० आणि ४० वर्षं. अशा व्यवस्थेत हजार पौंड स्वस्त असलेलं विद्यापीठ स्वस्त वाटत नाही, कमअस्सल वाटतं. म्हणून कुणी भाव पाडला नाही.

विद्यापीठांनी किती स्थानिक मुलं घ्यायची यावरची मर्यादा उठवायची घोषणा अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी डिसेंबर २०१३ मध्ये केली. २०१४-१५ ला ३०,००० जागा वाढल्या आणि २०१५-१६ पासून दार सताड उघडलं. नेमकी त्याच काळात तिथे अठरा वर्षांच्या मुलांची संख्या घटत होती. भाव बांधलेला, संख्या मोकळी आणि गिऱ्हाईक कमी, तेव्हा स्पर्धा डोकी गोळा करण्याची झाली. नावाजलेल्या विद्यापीठांनी वर्ग फुगवले, बाकीच्यांची मुलं तिकडे गेली. परीक्षेआधीच बिनशर्त प्रवेश देण्याचं पेव फुटलं. आपल्याकडे तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून अभियांत्रिकीच्या जागांची कमाल मर्यादा काढली, त्यानंतर कॉम्प्युटरच्या जागा कुठे वाढल्या आणि कोणत्या महाविद्यालयांचे वर्ग ओस पडले, हे प्रकल्पासाठी शेजारी ठेवून पाहा. तिसरा नमुना स्कॉटलंडचा: स्थानिक मुलांना फी नाही, त्यामुळे सरकार जागा मोजून देतं.

सातपूर येथील एक पालक: मुलाला ब्रिटनमध्ये एमबीबीएस करायचं आहे. मर्यादा उठली, तर तिथे प्रवेश सोपा झाला का?

नाही. वैद्यकीयच्या जागा अजूनही सरकारच ठरवतं आणि इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्यांचा वाटा ७.५ टक्के आहे. अर्जाची मुदत आदल्या वर्षाची १५ ऑक्टोबर, इतर शाखांसारखी जानेवारी नव्हे. एका अर्जात वैद्यकीयची चारच महाविद्यालयं लिहिता येतात, त्याआधी यूकॅट ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा द्यावी लागते आणि पुढे मुलाखत असते. फी वर्षाला ४० हजार पौंडांच्या आसपास किंवा वर, पाच वर्षं. परत येऊन इथे व्यवसाय करायचा असेल तर जाण्याआधी नीट उत्तीर्ण असायला हवं. तिकडे जायचंच आहे म्हणून नीट सोडू नका.