गवत कापणी यंत्राच्या इंजिनचा आवाज चढत-उतरत असेल तर
खानापूर भागात दिवाळीनंतर ठेवून दिलेले यंत्र बहुधा पावसाळा लागल्यावरच बाहेर निघते आणि तोवर शिळ्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या नळीत, बसलेला असतो. म्हणून गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग स्थिर राखणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगला हात लावण्यापूर्वी, इंजिन चालू असताना चोक (आत जाणारी हवा कमी करणारी झडप) थोडा ओढून पाहा. आवाज स्थिरावला, तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे असे समजा. मग इंजिन थंड होऊ द्या, स्पार्क प्लगची वायर काढा, जेट काढून कार्ब्युरेटर क्लीनरने धुवा आणि छिद्र स्वच्छ, गोल दिसते का, हे उजेडासमोर धरून तपासा. त्यात तार मात्र कृपया घालू नका, कारण छिद्र रुंदावले की पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते. ताजे पेट्रोल भरूनही चढउतार राहिला, तर कार्ब्युरेटरमागच्या गॅस्केटमधून (सांधा हवाबंद ठेवणाऱ्या पातळ चकतीतून) हवा आत ओढली जाते का, ते पाहा.