कॉर्नवॉलवर लिहायचं तरी काय?

प्रश्न: शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ नाटकातल्या खलपुरुषावर लिहायचंय. सगळे एडमंडच घेतात म्हणून मी ड्यूक ऑफ कॉर्नवॉल घेतला, पण तो क्रूर आहे यापुढे गाडी सरकत नाहीये, त्यात मेलाही लवकर. काय करू?

उत्तर: पात्र झकास निवडलंत, बदलू नका. तिसऱ्या अंकातला सातवा प्रवेश काढून बसा. मुलींनी दार बंद केलेल्या राजा लिअरला डोव्हरला पाठवलं म्हणून म्हाताऱ्या सरदार ग्लॉस्टरला खुर्चीला बांधतात, तेही त्याच्याच घरात, आणि तो बिचारा ‘अहो तुम्ही माझे पाहुणे आहात’ म्हणून विनवतोय. कॉर्नवॉल त्याचे डोळे काढतो ते सगळ्यांच्या लक्षात राहतं, पण माझ्या मते खरी मेख त्याआधीच्या दोन-चार ओळींत आहे. कॉर्नवॉल म्हणतो, रीतसर न्याय झाल्याशिवाय याचा जीव तर घेता येत नाही, पण आपली सत्ता आपल्या रागाचा मान ठेवेल, लोक नावं ठेवतील पण अडवू शकणार नाहीत. म्हणजे साहेबांना कायदा पक्का माहितीये! डोकं फिरून केलेलं काम नाही हे. ग्लॉस्टरच्या मुलाला, एडमंडलाही आधीच बाहेर काढतो, बापाचं काय होणार ते तू बघणं बरं नाही म्हणून, केवढी ती काळजी!

आणि मग त्याचाच नोकर आडवा येतो. लहानपणापासून चाकरीला असलेला माणूस एक डोळा गेल्यावर म्हणतो की तुम्हाला थांबा म्हणतोय यापेक्षा चांगली चाकरी मी आजवर केली नाही, आणि थेट तलवार उपसतो. लिअरची मुलगी आणि कॉर्नवॉलची बायको रीगन त्याला मागून भोसकते, पण तोवर कॉर्नवॉलला जीवघेणी जखम झालेली असते, तरी हा पठ्ठ्या दुसरा डोळा काढतोच. नोकराला नाटकात नावसुद्धा नाही. अडवू शकणार नाहीत म्हणत होता ना, त्याला हे उत्तर. तुमचा लेख इथून सुरू करा.

लवकर मरतो म्हणून बिनमहत्त्वाचा असं नाही, तो मेला म्हणूनच रीगन विधवा होते, ती आणि तिची बहीण गॉनरिल एडमंडवरून भांडतात आणि गॉनरिल तिला विष घालते. एडमंडशी तुलना थोडक्यात उरका, त्याला स्वगतं आहेत, अनौरस असल्याची सल आहे, कॉर्नवॉलला यातलं काहीच नाही.

हो, तुमची प्रत तपासा. 1608च्या क्वार्टोत (नाटकाची पहिली छापील आवृत्ती) शेवटी उरलेले नोकर ग्लॉस्टरच्या रक्ताळलेल्या चेहऱ्याला लावायला जवसाचे तंतू आणि अंड्याचा पांढरा बलक आणायला निघतात, 1623च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांचा एकत्रित ग्रंथ) तो तुकडाच नाही. दिग्दर्शक पीटर ब्रूकनेही 1962च्या प्रयोगात तो गाळला होता. तो तुकडा नसेल तर प्रवेश कॉर्नवॉलवरच संपतो, आणि मग वाचताना अंगावर येतो तो वेगळाच.