कत्तल झालेल्या देशांत चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून क्षमेची प्रार्थना केल्याने खरंच काही फरक पडतो का?

पडतो, पण नुसत्या प्रार्थनेने नाही.

दक्षिण आफ्रिकेत एप्रिल १९९६मध्ये वर्णद्वेषी राजवटीच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाची पहिली जाहीर सुनावणी झाली. अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी तिची सुरुवात प्रार्थनेने केली. मात्र कायदेशीर माफी हवी असेल तर राजकीय हेतूने केलेला गुन्हा पूर्ण कबूल करायचा, अशी अट होती. पश्चात्ताप दाखवणं बंधनकारक नव्हतं, हे मला आजही खटकतं.

रवांडाचं प्रकरण जास्त अवघड. १९९४मध्ये तुत्सी जमातीच्या वंशसंहारात जीव वाचवायला लोक चर्चमध्ये शिरले आणि न्यामाता, न्तारामा इथे चर्चच्या आवारातच मारले गेले. एका कॅथलिक धर्मगुरूला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने जन्मठेप दिली. चर्चवरचा विश्वासच उडालेला असताना तिथे कोणाबरोबर गुडघे टेकायचे? आम्ही ठाण्यात दर रविवारी मराठी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, प्रभूची प्रार्थना म्हणतो, शेजारच्याला शांतीचं अभिवादन करतो. शेजारचा फार तर पार्किंगवरून भांडलेला असतो! तिथे तो भावाचा खुनी असू शकतो.

म्हणून व्यासपीठावरून ‘आता क्षमा करा’ असं कत्तलीतून वाचलेल्यांना सांगणं मला क्रूर वाटतं. आधी अपराध्याने आणि संस्थेने तोंड उघडावं. पोप फ्रान्सिस यांनी रवांडातल्या चर्चच्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली ती २०१७मध्ये. दरम्यान २००२ ते २०१२ गावोगावच्या गचाचा न्यायसभांत कबुलीजबाब, साक्षी, शिक्षा हे सगळं चालू होतं.