मुलगा घरात बोलत नाही, नवरा म्हणतो ‘घरातलं बाहेर कशाला?’ कौटुंबिक समुपदेशनाला जावं का?

ताई, तुमचा १७ वर्षांचा मुलगा चार महिने हो-नाहीपलीकडे बोलत नाही, यजमान समुपदेशनाला तयार नाहीत, आणि तिथे नक्की काय करतात हे तुम्हाला विचारायचं आहे. मी म्हणेन, जाऊन बघा. फक्त ‘त्याला दाखवायला न्यायचं’ असं तुम्ही लिहिलंय, तिथे जरा थांबा. आम्हीही लेकीला दाखवायलाच निघालो होतो.

२०१९ मध्ये, नाशिकला. लेक बारावीत, नीटचा क्लास चालू. हळूहळू ती जेवणाचं ताट खोलीत न्यायला लागली, मग दार लावून घ्यायला लागली. समुपदेशक बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, “रात्री घरात जेवायला जेवढे असता, तेवढे सगळे या.” म्हणून सासूबाईही आल्या.

पहिला अर्धा तास त्यांनी लेकीला जवळजवळ काहीच विचारलं नाही. टेस्टचे मार्क कळतात त्या संध्याकाळी घरात काय काय होतं, एवढंच विचारत राहिल्या. आधी कोण विचारतं? गप्प कोण होतं? ताट खोलीत कोण नेऊन देतं? सगळ्यांच्या वतीने उत्तरं मीच देत होते. शेवटी त्या शांतपणे म्हणाल्या, “ह्यांना काय वाटतं ते ह्यांनाच सांगू द्या ना.” तेव्हा लक्षात आलं, सासूबाई मुलाला सांगायचं ते मला सांगतात, हे लेकीला सांगायचं ते मला सांगतात, आणि मी निरोप पोचवत फिरते. घर मी बांधून ठेवलंय असं मला वाटायचं. प्रत्यक्षात कोणाला कोणाशी बोलायची गरजच मी उरू दिली नव्हती.

तिसऱ्या वेळी बाईंनी कागदावर तीन पिढ्यांची वंशवेल काढली. ह्यांचे थोरले भाऊ इंजिनिअरिंग अर्धवट सोडून घरातून निघून गेले होते. त्यांचं नाव आमच्याकडे कोणी काढत नाही. त्या दिवशी हे लेकीला म्हणाले, “तू गप्प बसलीस की मला दादा आठवतो.” ती म्हणाली, “मला वाटायचं, तुम्हाला माझी लाज वाटते.” सासूबाई रडत होत्या. मी पहिल्यांदा मध्ये बोलले नाही.

एकूण सात वेळा गेलो, पंधरा दिवसांनी एकदा, तासभर, दर वेळी ८०० रुपये. सगळं गोड झालं असं नाही. बापलेकीचे खटके आजही उडतात, पण आता ते दोघांतच उडतात. ताट पाचव्या वेळेच्या आसपास बाहेर आलं.

म्हणजे तिथे निवाडा होत नाही. चूक कोणाची हे कोणी ठरवत नाही आणि नातेवाइकांच्या बैठकीसारखं कोणाला समजावायला बसवत नाहीत. जे बोलता ते बाहेर जात नाही. मात्र कोणाच्या जिवाला धोका असेल तर समुपदेशक गप्प बसत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

हे परदेशी खूळ आहे असं यजमान म्हणत असतील, तर त्यांना अमृतसरच्या डॉ. विद्यासागर यांच्याबद्दल सांगा. १९५० च्या दशकात तिथल्या मनोरुग्णालयात त्यांनी रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून रुग्णासोबत राहायला लावलं. आजार एकट्याचा असला तरी घर सोबत असलं की माणूस लवकर सावरतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

एक मात्र कळकळीने सांगते. घरात मारहाण किंवा धाक असेल, तर सगळ्यांनी एकत्र बसू नका. तिथे खरं बोललेल्याला घरी गेल्यावर ते भोगावं लागतं. आधी एकट्याने मदत घ्या; महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. आणि मुलाची झोप, जेवण पार बिघडलं असेल, किंवा ‘जगून काय करू’ असं काही तो बोलला असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, तेही आजच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतूनही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

समुपदेशकाची पाटी कोणीही लावतो, म्हणून शिक्षण विचारायला लाजू नका: मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात एम.ए., एम.एस.डब्ल्यू. आहे का, कुटुंबासोबत काम केलंय का. पहिल्याच भेटीत एकाची बाजू घेऊन उपदेश सुरू झाला, तर दुसरीकडे जा. आणि पहिल्या भेटीवरून ठरवू नका, तीनदा तरी जा. पहिल्या दिवशी आम्ही सगळेच पाहुण्यांकडे गेल्यासारखे बसलो होतो.

यजमान नाहीच म्हणाले, तर तुम्ही एकट्या जा. एकाचं वागणं बदललं तरी बाकीच्यांना आपलं बदलावं लागतं. पण त्याआधी एकदा विचारून बघा. आमचे हेही दोन महिने नाही म्हणत होते, कारण मी दर वेळी “तिच्यासाठी चला” म्हणायचे आणि त्यांना ते ‘तुमचं चुकलं’ असं ऐकू यायचं. एका रात्री मी म्हटलं, “मला एकटीला झेपत नाहीये, माझ्यासाठी चला.” त्यांनी वार आणि वेळ विचारली.